तयार तुकडे

आमच्या ह्यांच्या हाताला डोळे आहेत, असं साइटवर सगळे म्हणायचे. पाइपाच्या वळणावरून नुसता पंजा फिरवला की पत्रा किती लागणार हे ह्यांना कळतं, टेप लावायची गरजच नाही, अशी ख्याती. म्हणून नाव पडलं फटाफट मिस्त्री. हेच फटाफट मिस्त्री घरी स्वतःचा चष्मा शोधायला अर्धा तास घेतात आणि तो डोक्यावर सापडतो. बायकोला माणूस दोन्ही बाजूंनी दिसतो, त्यामुळे ख्यातीनं मी कधी भारावले नाही. पण अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. सगळा घोळ त्या अभिमानानंच केला.

ह्यांचं काम इन्सुलेशनचं. लोकांना हे समजावून सांगावं लागतं. बॉयलरची वाफ पाइपांतून इमारतभर फिरते. पाइप उघडा ठेवला तर ऊब वाटेतच संपते, आणि चुकून हात लागला तर कातडी निघते. गार पाण्याचा पाइप उघडा राहिला तर त्याला घाम सुटतो आणि छताला बुरशी धरते. म्हणून पाइपावर आधी लोकरीची गादी चढवायची, ती तारेनं आवळायची आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारायचा. ही लोकर मेंढीची नव्हे, काचेची. तिची कुसळं अंगात शिरतात. हे घरी आले की आधी गार पाण्यानं अंग धुणार, कारण गरम पाण्यानं कुसळं आणखी आत जातात, आणि ह्यांचे कपडे वेगळ्या बादलीत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्याकडून सगळे कपडे एकत्र भिजवले गेले. सासूबाई दोन दिवस अंग खाजवत होत्या, तिसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणाल्या, "सुनेनं काहीतरी करणी केली बाई."

सरळ पाइपावर पत्रा कोणीही गुंडाळेल. खरी परीक्षा बेंडाची, म्हणजे पाइप वळतो तिथली. पत्रा काही कापडासारखा वळत नाही. मग मोसंबीच्या फाका असतात तसे तुकडे कापायचे, बाहेरच्या बाजूला रुंद आणि आतल्या बाजूला निमुळते. एका बेंडाला नऊ तुकडे. प्रत्येकाच्या कडेला पन्हळ पाडायची, एकात एक अडकवायची आणि स्क्रू मारायचे. एक तुकडा दोन सूत, म्हणजे पाव इंच, चुकला तर नववा बसत नाही, आणि मग नऊच्या नऊ भंगारात जातात. आधी कागदाचा नमुना काढावा लागतो, तो पाइपाची जाडी आणि गादीची जाडी मिळून. हे गणित कुठल्या शाळेत नाही. हे ते सहा वर्षं मार खात शिकले आणि मी ते ह्यांच्याकडून.

मी कशी शिकले, तर गाद्यांमुळे. व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी उघडावा लागतो, म्हणून त्याला पत्रा न मारता सोडवता येणारी गादी बांधतात. ती काचेच्या कापडाची, आत लोकर भरून सुतळीच्या सुईनं शिवायची. हे काम ठेकेदार ह्यांना घरी द्यायचा, नगावर. शिवायची मी. हळूहळू नमुने काढायला लागले, मग पत्राही कापायला लागले. माझी कात्री ह्यांच्यापेक्षा साफ चालते, हे हेही मान्य करतात, फक्त चारचौघांत नाही.

ह्यांचा जोडीदार म्हणजे पट्टीभावजी. पंधरा वर्षं दोघं एकाच शिडीवर. पट्टी हे अर्थात साइटवरचं नाव, कारण हा माणूस प्रत्येक गोष्ट तीनदा मोजायचा. आमच्या घरी जेवायला बसला तरी पाट भिंतीपासून सरळ आहे ना हे बघून बसायचा. एका बेंडाला दीड तास लावायचा. पण त्यानं केलेला बेंड दहा वर्षांनी उघडला तरी आत पाण्याचा थेंब सापडायचा नाही.

नऊ वर्षांपूर्वी वेतन समितीचे साहेब पाहणीला येणार असं कळलं. बांधकामातल्या प्रत्येक कामाला दर्जा ठरवायचा होता: कुशल, अर्धकुशल, हेल्पर. दर्जाप्रमाणे किमान मजुरी. आमच्या कामाचं नाव तोवर कुठल्याच यादीत नव्हतं. ठेकेदाराशी भांडून फिटरच्या पाऊणपट मजुरी पदरात पडायची, तीही ठेकेदाराच्या मर्जीवर. आता कागदावर कुशल असं लागलं असतं तर फिटरच्या बरोबरीनं मिळालं असतं, आणि मर्जीचा प्रश्नच उरला नसता. युनियनच्या सेक्रेटरींनी ठरवलं, साहेबांसमोर एक बेंड करून दाखवायचा आणि तो पट्टीभावजींनी दाखवायचा.

हे घरी येऊन मला सांगितलं ह्यांनी, आणि मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "भावजी दाखवणार? आणि तुम्ही काय, टाळ्या वाजवणार? दीड तासात साहेबांना झोप लागेल."

दुसऱ्या दिवशी हे सेक्रेटरींना भेटले. सुपरवायझरही म्हणाला, फटाफटला पुढे करा, साहेबांवर छाप पडेल. पट्टीभावजींनी फक्त मान हलवली. आमचा सगळ्यांचा समज असा, की जो झपाट्यानं करतो तो कुशल. हात जितका चालेल तितका दर वर.

आणि मग पुढची अक्कलही माझीच. बॉयलरच्या खोलीतला कुठला बेंड दाखवायचा ते ठरलं होतं. मी म्हणाले, माप घेऊन या, आपण तुकडे घरीच कापून ठेवू. तिथं नुसते काढायचे आणि बसवायचे. साहेब तोंडात बोट घालेल.

तीन संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून कापत होतो. पहिला संच चुकला, नववा तुकडा बसेना. दुसऱ्यात पाच तुकडे मी कापले, चार ह्यांनी. किती हसलो होतो त्या तीन दिवसांत. नवरा-बायको एकत्र बसून काही करताहेत, असं आमच्या घरात तेवढंच कधी झालं असेल. तेव्हा मजा आली होती हे खरं.

पाहणीच्या दिवशी ह्यांनी बेंड अकरा मिनिटांत केला. टेप नाही, पेन्सिल नाही. थैलीतून तुकडा काढायचा, अडकवायचा, पुढचा काढायचा. खाली बसून स्क्रू हातात द्यायला पट्टीभावजी होते. झाल्यावर टाळ्या पडल्या. हे सगळं ह्यांनी संध्याकाळी मला रंगवून सांगितलं, शर्टसुद्धा न बदलता.

"आणि साहेब विचारतो काय," हे म्हणाले, "'हे तुकडे असेच येतात का?'"

"मग?"

"मग काय, म्हटलं हो साहेब, असेच येतात." आणि हे हसायला लागले. मीही हसले. साहेबांना कसं बनवलं म्हणून पदर तोंडाला लावून हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. घरात मी एकटी असतानासुद्धा वाटते.

चार महिन्यांनी अहवाल आला. सेक्रेटरींनी साइटवर तो मोठ्यानं वाचला. आमच्या कामापुढे लिहिलं होतं: कारखान्यातून तयार आलेले तुकडे पाइपावर बसविणे. मोजमापाची आवश्यकता नाही. आठवड्याभरात शिकता येण्याजोगे. दर्जा हेल्पर.

पाइप जोडणारा फिटर कुशल, आणि त्याच पाइपाला पांघरूण घालणारा हेल्पर. विटा वाहणाऱ्याच्या रांगेत. पूर्वी ठेकेदाराशी भांडता यायचं, आता त्याच्या हातात कागद आला. तोंड उघडलं की तो कागद पुढे करायचा. पुढच्या महिन्यापासून साठ-सत्तर माणसांची मजुरी पाऊणपटावरून निम्म्याच्या खाली आली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण ते अवलक्षण आमच्या एकट्याच्या पदरात पडतं तर मी आज हे सांगायला बसले नसते. ह्यांना ठेकेदार वरून थोडं द्यायचा, फटाफट हातातून जाऊ नये म्हणून. म्हणजे ज्यानं केलं त्याचं सगळ्यात कमी गेलं. बाकीचे साहेबाला शिव्या घालायचे. उंटावरचा शहाणा, एसीत बसणाऱ्याला पाइपातलं काय कळतं, असं चहाच्या टपरीवर रोज चालायचं, आणि हे तिथं मान हलवत उभे राहायचे. घरी येऊन मला सांगायचे, "आजही मी मान हलवली."

ह्यांनी टेप वापरायला सुरुवात केली. नाव तेच राहिलं, फटाफट, पण बेंडाला तास लागायला लागला. सावलीतलं काम असेल तर पट्टीभावजींना द्यायचे, छतावरचं स्वतः घ्यायचे. मला वाटायचं, होईल सवय. चोराच्या मनात चांदणं असतं हे खरं, पण ते इतकी वर्षं मावळणार नाही असं वाटलं नव्हतं.

दोन वर्षांनी पट्टीभावजींनी काम सोडलं आणि एका शीतगृहाच्या फाटकावर राखणदार म्हणून लागले. राखणदाराला हेल्परपेक्षा जास्त मिळतं. खुर्चीवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे जास्त, आणि पंधरा वर्षांच्या हातांचे कमी. तरी तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यांची मुलगी नर्सिंगला जाणार होती, प्रवेशसुद्धा मिळाला होता. ज्या वर्षी मजुरी कमी झाली त्याच वर्षी तिची फी भरायची होती. ती गेली नाही. आमच्या गल्लीच्या टोकाशी साबण-सोड्याचं दुकान आहे, तिथं ती गल्ल्यावर बसते. हुशार मुलगी, हिशेब तोंडी करते, मला काकू म्हणते. मी त्या दुकानात जात नाही. साबण आणायला दोन चौक पलीकडे जाते आणि येताना पिशवी पदराखाली धरते, तिला दिसू नये म्हणून.

यंदा दर्जांची फेरतपासणी निघाली. हरकती मांडायला एक दिवस. सेक्रेटरी आमच्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीच बोलायचं. त्या वेळी बेंड तुम्ही केला होता. सांगा की साहेबांचं लक्ष नव्हतं, फोनवर होते, न बघताच लिहिलं. तो साहेब केव्हाच निवृत्त झालाय, त्याचं काही जात नाही."

सेक्रेटरी गेल्यावर ह्यांनी कप उचलून मोरीत ठेवले. मग म्हणाले, "मी खरं सांगणार आहे."

मी उसळले. काय गरज होती? साहेबावर ढकललं तर सगळ्यांचं भलं होणार होतं, कोणाचं वाकडं होणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय खरं सांगून दर्जा वाढेलच असं कुठं होतं? उलट म्हणतील, हा खोटारडा, ह्याच्या शब्दावर काय विश्वास ठेवायचा. साठ माणसांचं दुसऱ्यांदा नुकसान करणार होते हे. असं सगळं मी बोलले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ह्यांनी उभं राहून खरं सांगितलं तर कल्पना कोणाची होती हेही विचारतील, ही भीती मी बोलले नाही.

हे शांतपणे म्हणाले, "त्याचं लक्ष होतं गं. त्यानं बरोबर प्रश्न विचारला होता. इतक्या वर्षांत तेवढा एकच माणूस भेटला ज्यानं विचारलं, की हे तुकडे येतात कुठून. उत्तर माझं चुकलं."

मी म्हणाले, "मग मीही येते."

सुनावणी एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यामागे चौघं. अध्यक्ष एक बाई होत्या, पांढरे केस बारीक कापलेले, समोर पाण्याची बाटली. एका बाजूला ठेकेदारांच्या संघटनेचे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला आमची माणसं, इस्त्रीच्या शर्टांत अवघडून बसलेली. मी शेवटच्या रांगेत.

ह्यांचं नाव पुकारलं तेव्हा सेक्रेटरींनी पाठीवर थाप मारली. हे उभे राहिले, खिशात घातलेला हात बाहेर काढला, परत घातला आणि म्हणाले, "बाई, तुकडे तयार येत नाहीत. मी खोटं बोललो होतो. घरून कापून नेले होते. मला हात किती चालतो ते दाखवायचं होतं. पत्रा सपाट येतो. ह्या माणसांची मजुरी माझ्यामुळे कमी झाली."

सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. आमच्या माणसांपैकी एक जण वळून दुसऱ्याकडे बघायला लागला, हे नक्की काय चाललंय म्हणून. ज्या टपरीवर साहेबाला शिव्या दिल्या होत्या ती सगळी टपरी तिथं बसली होती.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "एकट्यानं कापले?"

"एकट्यानं."

"किती वेळ लागला?"

"तीन दिवस. रोज तीन-चार तास."

तेवढ्यात ठेकेदारांचे गृहस्थ गोड आवाजात म्हणाले, "माझा एक प्रश्न आहे. यंत्र नाही, कारखाना नाही, घरी फरशीवर बसून जे होतं, ते कुशल काम कसं म्हणायचं?"

अकरा मिनिटांत बेंड करणारा माणूस तिथं शब्द शोधत उभा होता. मी कधी उठले मला कळलं नाही. म्हणाले, "एकट्यानं नाही कापले. पाच मी कापलेत."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भर रस्त्यात त्यांचा हात धरला. गृहस्थ तर खुशीत आले. "बघा बाई," ते अध्यक्षांना म्हणाले, "घरातल्या बायकासुद्धा करतात."

अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला पुढे बोलावलं. "तुम्ही हे कुठं शिकलात?"

"घरीच."

"अवघड असतं का?"

आणि माझ्या जिभेवर काय आलं असेल? त्यात काय एवढं, असं आलं. जन्मभर हेच म्हणत आले. वीस माणसांचा स्वयंपाक केला, त्यात काय. व्हॉल्व्हच्या गाद्या शिवून बोटांची चाळण झाली, त्यात काय, बसल्या बसल्या होतं. कोणी कौतुक केलं की आपणच ते पायाखाली घालायचं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. ओठ उघडलेसुद्धा होते. मग समोर हे दिसले, आणि कळलं की नऊ वर्षांपूर्वी ह्यांनी साहेबांना सांगितलं ते याहून वेगळं नव्हतं. तेही हसत हसत त्यात काय असंच म्हणाले होते.

मी म्हणाले, "अवघड असतं. पहिलं वर्षभर माझा एक तुकडा बसला नाही. वाया गेलेला पत्रा इतका होता, की आमच्या न्हाणीच्या दाराला खालपासून वरपर्यंत तोच मारलाय. अठरा वर्षं करतेय, आणि त्या तीन दिवसांतसुद्धा पहिला संच चुकला. दोन सुतांनी."

"त्याचे तुम्हाला काय मिळायचे?"

"मला? मला कोण देणार?"

कोणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. अध्यक्षबाई टाइप करणाऱ्या मुलाला म्हणाल्या, हे सगळं जसंच्या तसं घ्या, पहिला संच चुकला तेही. कल्पना कोणाची होती हे कोणी विचारलं नाही. आणि मी, जिनं मोठ्या तोऱ्यात पाच तुकडे अंगावर घेतले, ते न विचारल्याबद्दल मनातून सुटकेचा श्वास टाकला.

निकाल तीन महिन्यांनी लागला, तो आताच सांगून टाकते. दर्जा कुशल. कागदी नमुना काढणं आणि पत्रा कापणं कामाच्या वर्णनात लिहिलं गेलं. लागू पुढच्या वर्षापासून. मागचं काही मिळणार नाही. घरी गाद्या शिवणाऱ्या बायकांबद्दल एक अक्षर नाही.

पण त्या दिवशी निकालाचं कोणाला ठाऊक होतं? जिना उतरताना आमच्याशी कोणी बोललं नाही. एकानं फक्त ह्यांच्याकडे बघून मान हलवली, तीही कशासाठी ते कळलं नाही. रस्त्यावर आल्यावर हे म्हणाले, "पट्टीकडे जाऊ. दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत."

पट्टीभावजींची पाळी दुपारी संपते, तेव्हा ते घरीच होते. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. भिंतीवरची घड्याळं, फोटो, सगळं एका रेषेत. सात वर्षांत मी पहिल्यांदा त्या घरी गेले होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, स्वतः पलंगाच्या कडेवर बसले, पाणी दिलं. ह्यांनी सगळं सांगितलं. तुकडे, थैली, साहेबांचा प्रश्न, उत्तर, आजची सुनावणी. मधे कुठं थांबले नाहीत, कदाचित थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

पट्टीभावजी ऐकून म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुकडे घरून आणलेत ते. मी खाली बसून स्क्रू देत होतो ना. तुकड्याची कड डोळ्यांसमोर होती. पाच तुकड्यांची कड उलट्या अंगाला वळलेली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी कापतात तशी."

मी डावखुरी आहे. डाव्या हातानं पत्रा कापला की त्याची कड दुसऱ्या अंगाला वळते. आम्हा दोघांना ते कधी सुचलं नाही, आणि ह्या माणसाला अकरा मिनिटांत दिसलं. ज्याला मी झोप आणणारा म्हणाले होते त्याला.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?" ह्यांनी विचारलं. "साहेब समोर होते. एक शब्द बोलला असतास तर..."

"तू हो म्हणालास ना. तू हो म्हटल्यावर मी नाही कसं म्हणणार? सगळ्यांसमोर तुझी मान खाली गेली असती. आणि वाटलं, संध्याकाळी तूच जाऊन सांगशील साहेबांना. मग वाटलं, अहवाल आल्यावर सांगशील." त्यांनी पाण्याचा पेला उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला. "मग नोकरी बदलली."

"नऊ वर्षं," हे म्हणाले.

"हो. रोज वाटायचं, तू सांगितलंस की बरं वाटेल."

"आता वाटतंय?"

पट्टीभावजींनी विचार केला. हा माणूस उगाच काही बोलणारा नव्हे, उत्तरही मोजून देणारा. "नाही," ते म्हणाले. "वाटायला हवं होतं. पण नाही वाटत."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. राग असता तर काहीतरी उत्तर देता आलं असतं, पाय धरता आले असते. मी उठायला लागले, म्हणाले, "येतो आम्ही, भावजी."

"बसा," ते म्हणाले. "पोरगी येईल एवढ्यात दुकानातून. तिला वाटतं, बापाचा हात चालत नव्हता म्हणून मजुरी कमी झाली. मी कधी काही बोललो नाही. तिला तुम्हीच सांगा."

आम्ही बसलो. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा हे घसा खाकरून सावरून बसले, पुन्हा सगळं पहिल्यापासून स्वतःच्या अंगावर घ्यायला. ती दार ढकलून आत आली, मला बघून तिचा चेहरा फुलला, म्हणाली, "काकू, तुम्ही? किती वर्षांनी."

मी ह्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना थांबवलं आणि तिला माझ्याशेजारी बसायला सांगितलं. "नर्सिंगची तुझी फी भरायची होती त्या वर्षीची गोष्ट आहे," मी म्हणाले. "तुझ्या वडिलांना मागे सारा, असं मी म्हणाले होते. तिथून सांगते."